मनगटावरचं विमान

बडोद्याहून समुद्र बघायला निघालं तर खंभातच्या बाजूला जावं लागतं, आणि तिथं पोचल्यावर दिसतो तो मुख्यतः चिखल. अशा गावात राहून समुद्राच्या तळाशी जाण्याचा नाद लागणं हे तसं चमत्कारिकच. पण नाद काही गाव बघून लागत नाही. नागरवाड्यातल्या हेमचंद्र फणसेला तो चाळिशीच्या उंबरठ्यावर लागला. तोवर तो अगदी सरळमार्गी माणूस होता.

फणसे म्हणजे संस्थानच्या अमलातलं घराणं. आजोबा सरकारवाड्याच्या कारभारात कुठल्याशा हुद्द्यावर होते, वडील कचेरीत कारकून, आणि हेमचंद्र गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत, प्रेशर गेज बनवणाऱ्या कारखान्यात. घराणं असं पायरी पायरीनं खाली आलं याची खंत फक्त त्याच्या आईला, विमलाबाईंना होती. हेमचंद्रला स्वतःला काम मनापासून आवडायचं. बॉयलरवर आणि पाइपांवर काट्याची गोल तबकडी बसवलेली असते, आत किती दाब आहे ते ती दाखवते. ती गेजं तपासून देणं हे त्याचं काम. गिऱ्हाइकानं ‘खराब आहे’ म्हणून परत पाठवलेलं गेजही त्याच्याच टेबलावर यायचं. तो ते यंत्राला लावून बघायचा आणि बहुतेक वेळा गेज ठणठणीत निघायचं. "काटा लाल पट्ट्यात गेला, ते शेठला आवडलं नाही," घरी येऊन तो बायकोला हसत सांगायचा. "शेठचा बॉयलर बिघडलाय आणि शिव्या खातंय बिचारं गेज."

नव्वदनंतर कारखान्याचे दिवस पालटले. परदेशी भागीदार आला, आकडे दाखवणारी नवी यंत्रं आली, लांबलांबची कामं आली. गेजं बसवून द्यायला हेमचंद्र गावोगाव जाऊ लागला. असाच एकदा गोव्याच्या एका गोदीत गेला, तर मध्ये रविवार आला. लॉजवर माश्या मारत बसण्यापेक्षा किनाऱ्यावर जावं म्हणून निघाला. तिथं लक्ष्मण नावाचा एक कारवारी गडी लोकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना पाण्याखाली नेत होता. टाकीच्या नळीला एक गेज लोंबत होतं. ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसा हेमचंद्र त्या गेजाकडे ओढला गेला, आणि गेजामागोमाग पाण्यात.

परत आल्यावर त्यानं कांचनला सगळं सांगितलं. कांचन म्हणजे त्याची बायको. शाळेत असताना तिनं पोहण्याच्या शर्यती गाजवल्या होत्या. लग्न झालं आणि पाण्याशी तिचा संबंध नळापुरता उरला. खाली कसे मासे दिसतात, अंग कसं हलकं होतं, हे सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मला कधी नेता?"

अडचण होती ती विमलाबाईंची. त्यांचा धाकटा भाऊ ऐन विशीत महीच्या डोहात बुडाला होता. तेव्हापासून घरात कुणी नदीवर जायचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचं जेवण बंद व्हायचं. अशा सासूला सून समुद्राच्या तळाशी जाणार आहे हे सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. ‘कंपनीचं काम आहे, कांचनलाही गोवा दाखवून आणतो,’ असं सांगून दोघं निघाली. त्यात गोवा दाखवणं खोटं नव्हतं, फक्त कुठल्या बाजूनं दाखवणार ते सांगायचं राहिलं.

लक्ष्मणनं दोघांना रीतसर शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यानं गोटी सोड्याची बाटली पुढ्यात ठेवली. आपण जी हवा आत घेतो तिच्यात बराचसा नायट्रोजन असतो, तो म्हणाला. जमिनीवर तो आपल्या अध्यात ना मध्यात. पण पाण्याखाली दाब वाढतो आणि तो रक्तात, मांसात मुरायला लागतो. जितकं खोल जाल आणि जितका वेळ राहाल तितका जास्त मुरतो. सावकाश वर आलात तर श्वासाबरोबर मुकाट निघून जातो. घाई केलीत तर, असं म्हणून त्यानं अंगठ्यानं गोटी दाबली. सोडा फसफसून टेबलभर झाला. हे बाटलीत झालं तर पुसता येतं, तो म्हणाला. तुमच्या सांध्यात नाहीतर मणक्यात झालं तर मी काय पुसू?

मग त्यानं ते घड्याळ दाखवलं. डाइव्ह कॉम्प्युटर त्याचं नाव, पण दिसायला जाडजूड मनगटी घड्याळच. पूर्वी लोक छापील तक्ते बघून अदमास बांधत. हे यंत्र पाण्यात शिरल्यापासून क्षणोक्षणी किती खोल आहात आणि किती वेळ झाला ते बघत राहतं, त्यावरून अंगात किती नायट्रोजन साठला असेल याचा हिशेब मांडतं, आणि या खोलीवर अजून किती मिनिटं थांबता येईल ते दाखवतं. वर येताना घाई झाली तर कटकट करतं. पृष्ठभागाच्या थोडं खाली थांबायला लावतं. बाहेर आल्यावरही त्याचा हिशेब चालूच असतो, कारण साठा सावकाश उतरत असतो. सकाळी एकदा जाऊन आलात आणि दुपारी पुन्हा उतरलात तर सकाळचं शिल्लक धरूनच ते पुढची मिनिटं देतं. म्हणून ज्याचं त्यानं घालायचं. नवऱ्याच्या घड्याळावर बायकोनं वर यायचं नाही.

हेमचंद्र हरखून गेला. आजवर त्यानं लोखंडाच्या पोटातला दाब मोजला होता. इथं माणसाच्या आत काय चाललंय ते कुणीतरी मनगटावर बसून सांगत होतं. त्यानं लक्ष्मणकडूनच दोन घड्याळं घेतली, एक स्वतःला आणि एक कांचनला. ती देताना लक्ष्मणनं पडद्याच्या कोपऱ्यातलं एक बारीक विमान दाखवलं. पाण्यातून बाहेर आल्यावर हे चित्र दिसतं, आणि ते आहे तोवर विमानात बसायचं नाही, कारण वर हवेचा दाब कमी. पुढं तो जे बोलला ते हेमचंद्रला आयुष्यभर शब्दन् शब्द आठवणार होतं.

"विमान म्हणजे नुसतं विमान नव्हे, हेमचंद्रभाई. उंचावर गेलं की झालं, मग विमानानं जा नाहीतर एस्टीनं. घाट चढायचा असेल तर एक आख्खा दिवस जाऊ द्या. बेळगावकडे जाणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगतो."

कांचन त्या वेळी समोरच्या दुकानात काजू घ्यायला गेली होती. आल्यावर सांगू, असं हेमचंद्रच्या मनात होतं. पण ती दोघं घरी आली ती कोकण रेल्वेनं, किनाऱ्याकिनाऱ्यानं. वाटेत घाट नव्हता, म्हणून सांगायचं राहून गेलं. पुढंही दोनतीनदा ती गोव्याला गेली, तेव्हाही राहून गेलं.

मग विमलाबाईंनी जोतिबाला जायचं काढलं. जोतिबा हे फणशांचं कुलदैवत. बडोद्यात पिढ्या गेल्या तरी देव राहिला कोल्हापूरच्या डोंगरावर, त्यामुळे दर्शन वर्षानुवर्षं लांबत जातं. हेमचंद्र लगेच हो म्हणाला, इतक्या लगेच की खरं तर आईला शंका यायला हवी होती. लक्ष्मण त्याच सुमाराला मालवणच्या खडकांकडे बोट घेऊन येणार होता. हेमचंद्रनं बेत आखला की आधी मालवणला जायचं, शुक्रवार-शनिवार आईनं समुद्राची हवा खायची, रविवारी आराम, आणि सोमवारी जोतिबा. रविवारचा आराम त्यानं कशासाठी ठेवला ते त्याचं त्याला माहीत होतं.

मालवणला विमलाबाई खूष होत्या. लॉजच्या मालकिणीशी त्यांची गट्टी जमली. मुलगा आणि सून सकाळी ‘बोटीतून मासे बघून’ येत, आणि ओल्या केसांचं कारण वाऱ्यानं उडालेलं पाणी असे. कांचनच्या मनगटावर हिरव्या बांगड्यांच्या मागे ते ठोकळ्यासारखं घड्याळ बघून त्या एकदाच म्हणाल्या, "हे काय ग धोंडा बांधल्यासारखं? नाजूक नव्हतं मिळत का?" कांचन हसली. ती त्या दिवसांत फार हसायची.

शनिवारी सकाळी दोघं दोनदा उतरली, दुसऱ्यांदा बरीच खोल. घड्याळानं सांगितलं तेवढंच खाली राहिली, सांगितलं तिथं थांबली, सगळं नियमाप्रमाणे. दुपारी लॉजवर परत आली तर विमलाबाई बॅग भरून पडवीत बसलेल्या.

"हेमू, उद्या रविवार आहे," त्या म्हणाल्या.

"हो ना. आराम करायचाय उद्या."

"आराम घरी नाही का करता येत? रविवार देवाचा वार. वार हातात असताना तो चुकवून सोमवारी कशाला जायचं? आज निघू, कोल्हापुरात मुक्काम करू, उद्या सकाळी देवाच्या दारात. जीपवाल्याला मी सांगितलंय, तो तयार आहे."

हेमचंद्रनं मनगटाकडे बघितलं. विमान होतं. त्यानं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर सूनबाई पाण्याखाली जाऊन आली हे सांगावं लागणार, आणि मग महीचा डोह, मामा, रडारड, उपास. पोट दुखतंय म्हणाला असता तरी भागलं असतं. पण त्या क्षणी त्याला खोटंही सुचलं नाही आणि खरं बोलायचं धैर्यही झालं नाही. "चला," असं तो म्हणाला, आणि उन्हातान्हाचं निमित्त करून शर्टाची बाही मनगटावर ओढून घेतली.

घाट सुरू व्हायच्या आधी फोंड्याला जीप थांबली. विमलाबाई आतच बसल्या होत्या. टपरीवर चहाचा कप हातात धरून कांचननं बांगड्या मागं सारल्या.

"अहो, हे विमान अजून जात नाही."

"आपण कुठं विमानात बसतोय?" हेमचंद्र म्हणाला. "जीपमध्येच बसतोय ना?"

कांचनला ते पटलं. ती हसली सुद्धा. तो विषय तिथंच संपला आणि जीप घाट चढू लागली.

कोल्हापूरला पोचेपर्यंत कांचनचा खांदा ठणकू लागला होता. टाकी उचलली म्हणून असेल, ती म्हणाली. मग डाव्या पायाला मुंग्या आल्या. बसून बसून आल्या असतील, असंही तीच म्हणाली. हेमचंद्रनं खांद्याला बाम चोळला आणि सकाळी बरं वाटेल असं सांगितलं. लक्ष्मणचा शब्दन् शब्द त्याला आठवत होता. तरी तो गप्प बसला, आणि सकाळी सगळे आणखी उंच, जोतिबाच्या डोंगरावर गेले. गुलालानं लाल झालेल्या पायऱ्यांवर, चांगभलंच्या गजरात, कांचनचा डावा पाय एकाएकी तिच्या खालून निघून गेला. ती बसली ती बसलीच. विमलाबाईंनीच तिला मिठी मारून धरलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? विमलाबाई पलंगाला धरून उभ्या होत्या. हेमचंद्र म्हणाला, "प्रवास झाला, पायऱ्या चढली." डॉक्टरांनी सलाइन लावलं. सोमवारी सकाळी आई अंघोळीला गेल्यावर त्यानं डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं सांगितलं, लक्ष्मणला फोन केला. आईला ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवतो’ एवढंच सांगितलं. मग प्राणवायू, मग घाट उतरून गोवा. तिथं दाबकोठडी असते. लोखंडी खोलीत माणसाला ठेवून हवेचा दाब पुन्हा वाढवतात, आणि सोड्याची बाटली नीट उघडायला हवी होती तशी सावकाश उघडतात. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की एक दिवस आधी आला असता तर बहुधा पूर्ण बरं वाटलं असतं. खांदा बरा झाला. पाय मात्र ओढतच राहिला.

कोठडीबाहेर बसून हेमचंद्रनं लक्ष्मणला सांगितलं, "मी विसरलो." लक्ष्मणनं कांचनसमोर विषय काढला नाही. कांचनला हेमचंद्रनं वेगळं सांगितलं. "घाटही चालत नाही हे कुणाला ठाऊक होतं? त्या घड्याळात तर नुसतं विमान दाखवलंय." कांचननं यावर विश्वास ठेवला. अविश्वास ठेवायचं तिला काही कारणच नव्हतं.

बडोद्याला आल्यावर तिनं दोन्ही घड्याळं जुन्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी टाकली. "आयत्या वेळी दगा दिला मेल्यानं," असं ती अधूनमधून म्हणायची. आणि हेमचंद्र, ज्यानं जन्मभर गेजांची वकिली केली, तो मान डोलवायचा. कारखान्यात ‘खराब’ म्हणून परत आलेली गेजं अजूनही ठणठणीत निघायची. तो आता त्यांच्या गोष्टी घरी सांगत नसे.

विमलाबाईंनी त्यांच्यापुरता उलगडा कोल्हापुरातच केला होता. पलंगाशी वाकून त्यांनी हळू आवाजात विचारलं होतं, "कांचन, खरं सांग. पाळीची अडचण होती का तुझी? तशीच चढलीस का देवाच्या पायरीवर?" कांचननं नाही म्हणून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. धडधाकट बाईचा पाय नेमका देवाच्या पायरीवर जातो, मग दुसरं काय कारण असणार? त्या सुनेला टाकून बोलल्या नाहीत, स्वभाव तसा नव्हता. फक्त रविवारचा देवाचा नैवेद्य त्या दिवसापासून स्वतः करू लागल्या. वीस वर्षं जो कांचनच्या हातचा असायचा तो. रविवारी कांचन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची आणि मागं फिरायची. हेमचंद्र ते बघायचा. ‘आईला आत्ता नको सांगू, तिच्या जिवाला लागेल,’ असं त्यानंच कांचनकडून कबूल करून घेतलं होतं. त्या ‘आत्ता’ला आता तीन वर्षं होत आली होती.

त्यानं सेवा मात्र भरपूर केली. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तो तेल कोमट करायचा आणि पुढच्या खोलीत बसून कांचनच्या पायाला चोळायचा. दार उघडं असायचं. समोरच्या ओटल्यावर बसणारी रंजनबेन गल्लीभर सांगत सुटायची, "हेमचंद्रभाई जेवो वर तो नसीबदारने मळे." असला नवरा नशिबवान बाईलाच मिळतो, हे ऐकताना हेमचंद्रचे कान गरम व्हायचे. आपण चोर आहोत आणि लोक आपल्यालाच हार घालताहेत, असं त्याला वाटायचं. पण खोटं कशाला बोला, त्या अर्ध्या तासात त्याला जरा बरंही वाटायचं. पाय चोळता चोळता आपलं थोडंसं फिटतंय असं मनात यायचं. आणि मग तसं वाटल्याचीच पुन्हा लाज वाटायची.

हे असंच चालूही राहिलं असतं. पण त्या पौषात, शनिवारी दुपारी, विमलाबाई आणि कांचन तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उंधियूचे दिवस. हेमचंद्र झोपाळ्यावर पेपर वाचत होता.

"माझं आता वय झालं," विमलाबाई म्हणाल्या. "हे असं ठेवून मला जायचं नाही. पुढच्या महिन्यात जोतिबाला जाऊ. कांचन, तू अनवाणी पायऱ्या चढायच्या. हळूहळू चढ, मी हात धरीन. उंबऱ्यावर नाक घासायचं आणि चुकलं म्हणायचं. देव काही वैरी नाही आपला. पाय देईल परत."

त्यांनी हे मायेनं म्हटलं. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. कांचननं शेंगेतून दाणे काढले, वाटीत टाकले आणि म्हणाली, "जाऊ या, आई."

तिचा आवाज सपाट होता. ती खरंच जाणार होती. त्या लुळ्या पायानं, गुलालानं निसरड्या पायऱ्या चढून, सगळ्यांदेखत नाक घासणार होती, आणि हेमचंद्र चपला सांभाळत खाली उभा राहणार होता. त्यानं पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"तिला नाही न्यायचं," तो म्हणाला. "तिनं काही केलेलं नाही. मी केलंय."

मग त्यानं सांगितलं. गोवा सांगितला, मालवण सांगितलं, बोटीतून मासे बघणं म्हणजे काय ते सांगितलं, पाण्याखालचा दाब आणि डोंगरावरची हवा जमेल तशी समजावली. विमलाबाई ऐकत होत्या. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. भावाची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेली, ती त्यानं बघितली.

"म्हणजे तुम्ही दोघं पाण्यात बुडी मारून येत होता, आणि मी तिथं लॉजवर सोलकढी पीत होते," त्या म्हणाल्या.

"तुला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं."

"झाला असता. बोलले असते तुला, दोन दिवस जेवले नसते." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "पण खाली थांबले असते ना रे. देव काय पळून जाणार होता? सोमवारी गेलो असतो. एवढंच ना?"

ज्या आईला भिऊन त्यानं कांचनला घाट चढवला, ती आई त्याच्या मनातली होती. ही समोर बसलेली बाई मुकाट्यानं एक दिवस थांबली असती. हे त्याला तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

विमलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांना दुसरं काही आठवलं. "आणि तुझं ते घड्याळ? पाण्यातलं सगळं त्याला कळतं म्हणतोस. घाट चढू नका एवढं नाही का सांगितलं त्यानं?"

"त्यात तसं नसतं, आई," कांचन पटकन म्हणाली. "नुसतं विमान असतं. कुणालाच माहीत नव्हतं. यांना तरी काय कळणार?"

ती त्याला सांभाळून घेत होती. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर तो तरबेज होता. अर्धं सांगून झालं होतं. कांचनची देवापुढची सुटकाही झाली होती. आता कुणी काही विचारणार नव्हतं.

"मला माहीत होतं," हेमचंद्र म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

"लक्ष्मणनं सांगितलं होतं. घाट चढायचा तर आख्खा दिवस जाऊ द्या म्हणाला होता. तू तेव्हा काजू घ्यायला गेली होतीस."

कांचननं विचारलं, "फोंड्याला मी विचारलं, तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि खांदा दुखायला लागला तेव्हा?"

"तेव्हाही."

हातातली शेंग तिनं सोलून संपवली, टरफल वेगळं टाकलं, आणि भिंतीचा आधार घेत उठली. हेमचंद्र सवयीनं पुढं झाला. "राहू द्या," ती म्हणाली. पाय ओढत ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते फडकं होतं. त्यातलं स्वतःचं घड्याळ काढून तिनं झोपाळ्यावर ठेवलं, त्याच्या हातात दिलं नाही. पडदा काळा झाला होता.

"याची बॅटरी बदलून आणा," ती म्हणाली. "चांगलं होतं ते. मी उगाच शिव्या दिल्या त्याला."

विमलाबाईंनी तुरीच्या दाण्यांची वाटी सुनेच्या पुढं सरकवली. "कांचन, उद्याचा नैवेद्य तू कर. मला क्षमा कर, बाई."

"असं नका म्हणू, आई. करते मी," कांचन म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलेल्या शेंगा सोलू लागली. हेमचंद्रकडे तिनं बघितलं नाही.

संध्याकाळ झाली. आज काय करावं ते हेमचंद्रला कळेना, म्हणून त्यानं रोजचं केलं. तेल कोमट केलं आणि वाटी घेऊन पुढच्या खोलीत आला. कांचन खुर्चीत बसली होती. तो खाली बसणार तेवढ्यात तिनं हात पुढं केला.

"वाटी इकडे द्या. आजपासून माझं मी लावीन."

त्यानं वाटी दिली. तिनं साडी घोट्यावरून जरा वर घेतली आणि वाकून, दोन्ही हातांनी, स्वतःच्या पायाला तेल चोळायला सुरुवात केली. वाकताना तिला त्रास होत होता. हेमचंद्र रिकाम्या हातानं दाराशी जाऊन उभा राहिला. समोरच्या ओटल्यावरून रंजनबेननं त्याला बघितलं आणि कौतुकानं विचारलं, "केम हेमचंद्रभाई, आजे सेवामां रजा?"